सव्वा तासाचं नागपूर

लोहगावच्या त्या घरात मी जवळजवळ तीन वर्षं भाड्याने राहिले, आणि तेवढ्या काळात घरमालक काकांनी मला एकदाही "कशी आहेस?" असं विचारलं नाही. घरात शिरणाऱ्या कुणालाही त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "कुठून कुठे?" मी खराडीच्या ऑफिसातून दमून आलेली असले तरी तोच. गॅसचं सिलेंडर आणणाऱ्यालाही तोच.

खोली बघायला गेले तेव्हा ते बाल्कनीत वेताच्या खुर्चीवर बसले होते. सत्तरीच्या आसपासचे, किडकिडीत, पांढरा लेंगा आणि वर इस्त्रीचा शर्ट. काकू मला स्वयंपाकघर दाखवत होत्या. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"कुठून?"

"खराडीहून," मी म्हणाले. "ऑफिस तिकडे आहे."

"ते नाही. मूळ कुठून?"

"यवतमाळ."

"म्हणजे विमानतळ नागपूर." हे त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. "पुणे-नागपूर सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या थोडं वर. विमानाला सव्वा तास. आपण घरी कशा जाता?"

"ट्रॅव्हल्सने. संध्याकाळी बसले की सकाळी घरी."

"आणि विमानाने गेलात तर?"

"सव्वा तास, आणि मग..."

"आणि मग काय, ते सांगा."

मी मनात जुळवू लागले. विमानतळावर आधी जाऊन बसायचं, नागपूरला सामान यायची वाट बघायची, तिथून यवतमाळची गाडी धरायची. माझं जुळवून होईपर्यंत ते थांबले नाहीत.

"आठ तास. घरापासून घरापर्यंत आठ तास. सव्वा तास हा विमान कंपनीला लागतो, आपल्याला नाही. खोली बघितलीत? गिझर जरा उशिरा तापतो."

खोली मी घेतली. पुढे महिनाभरात 'आपण'वरून ते 'तू'वर आले, पण ती बढती होती की उतरणं, ते मला कधी कळलं नाही.

काका शहरातल्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. सारा जन्म सदाशिव पेठेत गेलेला. निवृत्तीनंतर तिथली जागा विकून त्यांनी लोहगावात, विमानतळाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर फ्लॅट घेतला. नातेवाइकांना ते अजून पटलेलं नव्हतं. काकूंना तर मुळीच नाही.

"माणसं म्हातारपणी देवळाजवळ घर बघतात," काकू म्हणायच्या. "यांनी धावपट्टीजवळ बघितलं. भाजी आणायची तर रिक्षा, डॉक्टरकडे जायचं तर रिक्षा, आणि डोक्यावर दिवसभर ही घरघर."

लोहगावला प्रवासी विमानांच्या जोडीला हवाई दलाची लढाऊ विमानंही उडतात. ती उडाली की खिडकीच्या काचा थरथरतात आणि शेजारी बसलेल्याचंही बोलणं ऐकू येत नाही. पाहुणे अशा वेळी ओरडून बोलत राहायचे. काका मात्र एक बोट वर करून तोंड मिटून बसायचे, आणि आवाज विरला की ज्या शब्दावर थांबले होते त्याच्या पुढच्या शब्दापासून वाक्य पुरं करायचे. मागचा शब्द पुन्हा नाही. ऐकणाऱ्याने तो लक्षात ठेवावा, अशी त्यांची अपेक्षा असे. एकदा काकूंच्या भावाला ते म्हणाले, "तुमच्या मुलाचं लग्न," आणि विमान आलं. चांगलं लांबलं. मग म्हणाले, "पुढे ढकललं हे बरं केलंत." भावाच्या चेहऱ्यावर तोपर्यंत काय काय येऊन गेलं होतं.

लोकांना वाटायचं, हे कधी विमानात बसले नसावेत, म्हणून हा नाद. तसं नव्हतं. परीक्षा मंडळाच्या कामासाठी ते दोन-तीनदा दिल्लीला विमानाने जाऊन आले होते आणि त्यांना ते फारसं आवडलंही नव्हतं. "खिडकीतून ढग दिसतात. ढग खालूनही दिसतात." काकूंच्या मते लहानपणी वडिलांच्या सतत बदल्या झाल्या म्हणून त्यांना अंतरांचं वेड लागलं. काकूंच्या बहिणीचं म्हणणं वेगळंच होतं. मी एकदा काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "मला आवडतं. एवढं कारण पुरत नाही का?"

बैठकीच्या खोलीत एक मोठा पृथ्वीचा गोल होता आणि त्याच्या बुडाशी गोधडी शिवायच्या लाल दोऱ्याचं रीळ. सोसायटीतल्या कुणाचा मुलगा परदेशी निघाला की आईवडील गोलापाशी येऊन बसायचे. काका दोऱ्याचं एक टोक पुण्यावर धरायला त्यांनाच सांगायचे आणि दुसरं टोक पोचायच्या गावावर ताणून धरायचे. सॅन फ्रान्सिस्कोला जाणारा दोरा पार उत्तरेकडे बर्फातून जातो, हे बघून खालच्या मजल्यावरच्या वहिनी घाबरल्या होत्या.

"अहो, एवढ्या थंडीतून कशाला नेतात? जरा खालून न्यायला काय होतं?"

"खालून लांब पडतं, वहिनी. नकाशात सरळ दिसतं तो लांबचा रस्ता. आणि विमानात खिडक्या बंद असतात."

अंतर, विमानातला वेळ आणि घरापासून घरापर्यंतचा वेळ, अशा तीन गोष्टी ते सांगायचे. चौथी नाही. ह्याच वहिनींनी पुढे मुलीसाठी कॅनडातलं स्थळ आलं तेव्हा विचारलं, "तुम्ही म्हणता एवढं लांब आहे, तर मग द्यावी का मुलगी तिथे?" काका म्हणाले, "मी अंतर सांगतो. सल्ला देत नाही. तो तुमचा तुम्ही घ्या." वहिनींना राग आला. पण काका त्या बाबतीत पक्के होते. गाडीने जाऊ की विमानाने, मुंबईहून जाऊ की इथून, असं कुणी विचारलं की ते दोन्हीचे तास सांगायचे आणि तोंड फिरवून आकाशाकडे बघत बसायचे.

चुकीचं अंतर किंवा चुकीचा वेळ कुठे लिहिलेला दिसला, तर मात्र ते गप्प राहत नसत. विमाननगरच्या चौकात एका बिल्डरने मोठा फलक लावला होता, 'एअरपोर्टपासून फक्त दहा मिनिटे'. काका त्या ऑफिसात गेले. विक्रीच्या मुलीने त्यांना गिऱ्हाईक समजून चहा मागवला. काकांनी चहा घेतला आणि विचारलं, "दहा मिनिटं कोणत्या वारी?" मुलीला कळेना. "सोमवारी की रविवारी? सोमवार असेल तर किती वाजता?" ती साहेबांना बोलवायला आत गेली. साहेब म्हणाले, "सर, ते अंदाजे असतं." काका म्हणाले, "मग फ्लॅटचे चौरस फूटही अंदाजेच असतील," आणि चहाबद्दल आभार मानून निघून आले.

इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी पानं असतात, ती त्यांच्या खास रागाचा विषय होती. ही पानं अंतराला एका ठरावीक वेगाने भागतात आणि वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतात, हे त्यांनी शोधून काढलं होतं. कसं, तर दोन्ही रकान्यांत पुणे टाकून. उत्तर आलं होतं, शून्य किलोमीटर, अर्धा तास. त्या दिवशी ते इतके खूश होते की काकूंनी कारण न विचारता शिरा केला. मग त्यांनी त्या लोकांना इंग्रजीत ईमेल लिहिला आणि पाठवण्याआधी त्याचा मराठी तर्जुमा मला वाचून दाखवला. 'पुण्याहून पुण्यास विमानाने जाण्यास अर्धा तास लागतो असे आपल्या पानावरून समजले. कृपया मार्ग कळवावा.' लगेच उत्तर आलं, आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभारी आहोत. काका म्हणाले, "ही सूचना नाही, चौकशी आहे," आणि तसं त्यांना परत कळवलं.

असा हा माणूस. दोन-अडीच वर्षांत मी त्यांना चुकताना पाहिलं नव्हतं. माझा भाऊ, आई किंवा ऑफिसातलं कुणी प्रवासाला निघालं की मी आपोआप काकांना विचारायची आणि ते म्हणतील त्याच्या दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे ते माणूस पोचायचं.

मग तो हिवाळा आला.

सकाळी अकराच्या सुमारास मी ऑफिसात होते. धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, बाबाले ॲटॅक आला. नागपूरले आनलं आमी. तू ये." मी विचारलं, शुद्धीवर आहेत का. म्हणाला, "हाये. तुलेच इचारून राहिले."

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने तेवढ्यात विमान शोधलं. चार वाजता नागपूर, सव्वा तास. तिने तिकीटही काढून टाकलं. मी बॅग घ्यायला घरी आले. लोहगावात राहण्याचा एवढा एक फायदा होता, विमानतळ दारात.

काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली आणि स्वतःच कपडे भरू लागल्या. काका बाल्कनीतून आत आले. त्या दिवशी त्यांनी "कुठून कुठे?" विचारलं नाही. "विमान कोणतं?" म्हणाले. मी मोबाइल दाखवला. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी उघडलं आणि बराच वेळ त्यात बघत राहिले.

"हे विमान दिल्लीहून इथे येतं आणि मग नागपूरला जातं," ते म्हणाले. "ते अजून दिल्लीतच आहे. दिल्लीत सकाळपासून धुकं आहे. काहीही उडालेलं नाही."

"पण इथे तर चार वाजता म्हणतायत."

"म्हणतायत. ते साडेतीनपर्यंत चारच म्हणतील."

"मग काय करू मी?"

हे मी विचारलं. एरवी ते तोंड फिरवायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा होता कोण जाणे. मी रडत नव्हते, पण हातातली चप्पल मी खाली ठेवली नव्हती, हे मला नंतर काकूंनी सांगितलं.

"गाडीने जा," काका म्हणाले. "आत्ता निघालीस तर दहा-साडेदहाला नागपूरला पोचशील. विमानाच्या नादी लागलीस तर मध्यरात्र होईल. रद्दही होईल."

काकू कपाटापाशी थांबल्या. "अहो, असं कसं सांगता? ती दहा तास गाडीत बसणार? तू जा गं विमानतळावर. घराशेजारी आहे. उशीर झाला तर बघू."

"उशीर झाल्यावर बघता येत नाही," काका म्हणाले. "तोपर्यंत गाडीचेही तास गेलेले असतात."

मी दोघांकडे बघितलं. आणि तिकीट रद्द केलं.

समोरच्या इमारतीतल्या एकाची गाडी भाड्याने मिळायची, ती काकांनी बोलावली. गाडी आली तेव्हा ते स्वेटर आणि बूट घालून तयार होते. "एकटी नको," एवढंच म्हणाले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. काकूंनी माझ्या मांडीवर डबा ठेवला. काकांशी त्या बोलल्या नाहीत.

वाघोलीची गर्दी, मग शिरूर, मग नगर. दर अर्ध्या तासाने मी भावाला फोन करत होते. बाबा बोलतायत, डॉक्टर बघतायत, पुढच्या तपासण्या चालू आहेत. एकदा त्याने फोन बाबांच्या कानाला लावला. "ये, सावकाश ये," एवढं ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण बाबांचाच होता.

नेवाशाच्या अलीकडे ड्रायव्हरने चहाला गाडी थांबवली. मी उतरले नाही. काका बाहेर उभे राहून मोबाइल बघत होते. चहा त्यांनी तसाच ठेवून दिला होता. मग ते माझ्या खिडकीपाशी आले. मी काच खाली केली.

"विमान सुटलं," ते म्हणाले.

"कोणतं?"

"तुझं. चारचं होतं ते. दिल्लीचं अजून दिल्लीतच आहे. कंपनीने हैदराबादहून आलेलं दुसरं विमान लावलं. पाचच्या सुमाराला सुटलं." थोडं थांबून म्हणाले, "हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं."

ते हे मला न सांगता गाडीत बसले असते, तर मला कधीच कळलं नसतं. माझ्या मोबाइलवर मी भावाशिवाय काहीही बघत नव्हते. मी काच वर केली. ड्रायव्हरने विचारलं, "निघायचं का?" आणि आम्ही निघालो.

समृद्धी महामार्गाला लागून जालना मागे टाकलं, तेव्हा अंधारून आलं होतं. भावाचा फोन आला. मी 'हॅलो' म्हणायच्या आधी तो म्हणाला, "ताई, बाबा गेले."

"कधी?"

"आत्ताच. थोडा टाइम झाला. मले हिंमत नाही झाली तुले सांगाची."

ते विमान तासाभरापूर्वीच नागपूरला उतरलेलं होतं. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. गाडीतल्या प्रत्येकाला ते कळलं असणार, ड्रायव्हरलासुद्धा.

मी गाडी थांबवायला सांगितली. त्या रस्त्यावर थांबायला मनाई आहे, पण ड्रायव्हरने कडेला घेतली. मी उतरून कठड्याला धरून उभी राहिले. पलीकडे तुरीची शेतं होती. काकाही उतरले आणि चार पावलांवर उभे राहिले.

"काकू म्हणत होत्या," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने परत गाडीत बसलो. बाबांना यवतमाळला आणणार होते, म्हणून आम्ही कारंज्याला महामार्ग सोडला आणि दारव्ह्यावरून घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं उरकलं. काका अंगणात, लोकांच्या मागे उभे होते. स्मशानात गेले, परत आले. मला वाटलं होतं, ते आता निघतील. ड्रायव्हरला त्यांनी पहाटेच परत पाठवलं होतं. बायकांची गर्दी जरा कमी झाल्यावर ते ओसरीवर आले आणि आईसमोर उभे राहिले. आईने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

"मी हिचा घरमालक," ते म्हणाले. "विमानाने जाऊ नकोस, गाडीने जा, असं मी हिला सांगितलं. मी चुकलो. विमानाने आली असती तर हिची आणि वडिलांची भेट झाली असती. हे तुम्हाला माहीत असावं."

माझा भाऊ दाराशी होता. तो पुढे आला. "तुमाले कोनं सांगतलं होतं मधात पडाले?"

"तिनेच विचारलं होतं," काका म्हणाले. "पण उत्तर माझं होतं."

"आता सांगून काय फायदा हाये?"

"काही नाही."

भाऊ आणखी बोलणार होता. आईने हाताने त्याला थांबवलं. ती काकांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. मग ती म्हणाली, "आंघोळ झाली का तुमची?"

"नाही."

"मांगं न्हानी हाये. पानी तापलं असन. शेजारच्या घरून जेवन येते आज, दोन घास खाऊन जा."

ते जेवले. जाताना एका कागदावर आपला फोन नंबर लिहून आईच्या हातात दिला, काही लागलं तर म्हणून, आणि एसटीने पुण्याला गेले.

तेरावं झाल्यावर मी परत आले. घराचा नूर बदललेला होता. काकू त्यांच्याशी कामापुरतं बोलत होत्या. गोल जागेवर होता, पण त्यावर दुपारचं वर्तमानपत्र पडलेलं असायचं. कुणी विचारायला आलं तर काका म्हणायचे, "मला माहीत नाही. मोबाइलवर बघा." खालच्या वहिनींची मुलगी कॅनडाला गेली. तिचं विमान किती वाजता पोचेल, असं विचारायला वहिनी आल्या, तर त्यांनाही तेच उत्तर मिळालं. वहिनी मला जिन्यात म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना गं त्यांची?" त्या अंतरांच्या पानवाल्यांचं उत्तर आलं होतं, ह्या वेळी खऱ्या माणसाने लिहिलेलं. पुणे ते पुणेची चूक दुरुस्त केली होती. काकांनी ते उघडलंही नव्हतं, मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अस्सं."

मला त्यांचा राग येत होता. तो कुठे ठेवावा, ते कळत नव्हतं. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, हे मला कळत होतं. त्यांनी जे केलं ते माझ्या भल्यासाठी, हेही कळत होतं. तरी संध्याकाळी दार उघडून आत गेलं आणि ते बाल्कनीत दिसले की मला ती काच वर करतानाची वेळ आठवायची. शेवटी हडपसरला एक छोटा फ्लॅट बघितला. काकूंना सांगितलं. त्या रडल्या. काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरोबर आहे." सामान नेताना माझी पुस्तकांची खोकी त्यांनीच सुतळीने बांधली. गाठी इतक्या पक्क्या होत्या की हडपसरला मला त्या सुरीने कापाव्या लागल्या.

चार-पाच महिने गेले. काकूंशी फोन चालू होता, काकांशी नाही. माझ्याकडे ये, म्हणून मी आईच्या मागे लागले होते. ती बघू, बघू म्हणायची.

एका रविवारी काकांचा फोन आला.

"तुझ्या आईचा फोन आला होता," ते म्हणाले. "तुला सांगायला हवं."

"माझ्या आईचा? तुम्हाला?"

"पुण्याला यायचं म्हणतात. विमानाने. कसं यायचं, ते विचारत होत्या."

मग काय झालं, ते मला पुढे दोघांकडूनही कळलं. काका आईला म्हणाले होते, "ताई, मला विचारू नका. मी चुकतो, तुम्हाला माहीत आहे." त्यावर आई म्हणाली, "मी का तुमची परीक्षा घेऊन राहिली? माह्या पोराले काही समजत नाही आन् पोरगी घाई करते. तुमी सांगा कोन्तं विमान बरं." तिकडून काही उत्तर येईना, तेव्हा ती म्हणाली, "आयकू येते ना?"

मग काका बोलायला लागले, ते थांबले नाहीत. सकाळचं विमान घ्या. घरून कधी निघा, वर्ध्याच्या पुढे रस्ता कुठे खराब आहे. लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, काढून घेतात. खिडकी उजव्या बाजूची मागा, म्हणजे डोळ्यांवर ऊन येणार नाही. आईने हे सगळं भावाला पाठ म्हणून दाखवलं आणि तसंच्या तसं करायला लावलं.

मी तिला फोनवर विचारलं, "तू त्यांनाच का विचारलंस?"

"दवाखान्यात मी त्या दिवशी दहा जनाले विचारलं काय झालं म्हनून," आई म्हणाली. "एकानं सरळ सांगतलं नाही. ह्या मानसानं न विचारता येऊन सांगतलं. अजून काय पाह्यजे?"

ती आली त्या दिवशी मी विमानतळावर पोचले, तर काका माझ्या आधीच कठड्याशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात काकूंनी दिलेली पिशवी. आम्ही दोघं तिथे शेजारी उभे राहिलो.

"वेळेवर आहे," ते म्हणाले. आणि मग, "आत्ता तरी."

"काकू कशा आहेत?"

"बोलतात आता."

आई सामानाची गाडी ढकलत बाहेर आली. डोक्यावरून पदर, एका हातात स्टीलचा डबा. तिने आधी मला जवळ घेतलं, मग काकांना नमस्कार केला. "उजवी खिडकी भेटली," तिने त्यांना सांगितलं.

काका रिक्षा बघायला लागले, परत घरी जायला. आई म्हणाली, "तुमी कुठं चालले? चाला आमच्यासंगं. जेवून जा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "चला."

टॅक्सीत ते पुढे बसले, आम्ही दोघी मागे. मुंढव्याला गाडी उभी राहिली ती राहिलीच. पुढे ट्रक, बाजूला बस, मधून दुचाक्या. हॉर्न वाजवून काही उपयोग नव्हता, तरी सगळे वाजवत होते.

"हिच्या बाबाले विमानात बसाची लय हौस व्हती," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "राहून गेलं. म्हनलं, आपन तं बसून पाहू."

पुढच्या सीटवरून काकांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं.

"मंग आवडलं का?" मी विचारलं. आईपाशी माझी बोली आपोआप तिच्यासारखी होते.

"खालची वावरं दिसत व्हती. लहान लहान." जरा वेळाने तिने पुढे वाकून विचारलं, "भाऊ, इथून हिचं घर किती दूर हाये?"

"जवळ आहे," काका म्हणाले. "पण किती वेळ लागेल ते सांगता येत नाही."

"लागू द्या." तिने मांडीवरचा डबा उघडला आणि दोन सीटच्या मधून त्यांच्यापुढे धरला. "घ्या, तिळाचा लाडू हाये. बसल्या बसल्या काय करान."

काकांनी हातातला मोबाइल खिशात ठेवला आणि लाडू घेतला.